सीलबंद ऊब

सिस्टरना दिसेल त्या वस्तूवर तारीख टाकायची खोड होती. सुरुवात कामातूनच झाली. सलाइनची बाटली उघडली की पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा फाडायचा, त्यावर बॉलपेनने तारीख आणि वेळ लिहायची आणि बाटलीच्या पोटावर डकवायचा, हा नियमच आहे. पण चौतीस वर्षं तेच केल्यावर हात डोक्याला विचारेनासा होतो. फिनेलच्या डब्यावर पट्टी, टॉर्चच्या सेलवर पट्टी, घरी साखरेच्या बरणीवर पट्टी. यजमानांनी नवा चष्मा आणला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या डबीवर पट्टी.

"एक दिवस मलाही लावशील," ते म्हणायचे.

"तुमची मुदत बघायची भीती वाटते," सिस्टर म्हणायच्या.

पंचक्रोशीत त्यांना पट्टीवाल्या सिस्टर म्हणत. तोंडावर कोणी म्हणायचं नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. माणसाला याहून वाईट नावं पडतात.

रुग्णालय आठ खाटांचं. बाळंतपणाची एक खोली, तिला सिमेंटची गार फरशी आणि खिडकीच्या एका काचेच्या जागी पुठ्ठा. मोठं रुग्णालय दोन तासांवर, तेही रस्त्याने मनावर घेतलं तर. डॉक्टर एकच, वयाने सिस्टरच्या नोकरीपेक्षाही लहान, आणि आठवड्यातले तीन दिवस कुठल्या ना कुठल्या बैठकीला. म्हणजे उरल्या दोघी, सिस्टर आणि आयाबाई. आयाबाई वीस वर्षं त्याच वॉर्डात फरशी पुसत होत्या आणि फरशीइतकंच बाळंतपणातलंही त्यांना कळत होतं.

दिवस न भरता आलेल्या मुलाला दूध नंतर लागतं, औषध नंतर लागतं. आधी ऊब लागते. ती या दोघी पाण्यातून काढायच्या. रिकाम्या सलाइनच्या बाटल्यांत गरम पाणी भरायचं, मनगटावर धरून बघायचं, बाटल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि बाळाच्या दोन्ही अंगांना ठेवायच्या. निवल्या की पुन्हा भरायच्या. "आयाबाई, पाणी ठेवा," असं सिस्टरच्या तोंडून निघालं की वॉर्डातल्या इतर बायका गप्प व्हायच्या. काही मुलं वाचायची, काही नाही. जी वाचायची नाहीत त्यांचीही वेळ सिस्टर वहीत लिहायच्या, मिनिटासकट.

म्हणून फाटकापाशी तो निळा फलक लागला तेव्हा सिस्टर त्याच्यासमोर उभ्या राहून दोनदा वाचून आल्या. 'परदेशी मदतीतून या रुग्णालयास नवजात बालकांसाठी वॉर्मर, नग एक. पारदर्शक कारभार, जनतेचा अधिकार.' खाली तक्रारीसाठी वेबसाइटचा पत्ता. फलक आला, मशीन मात्र आलं नव्हतं. पाळणा आधी आणि लग्न मागून, तसला प्रकार. पण सरकारी कामात उलटसुलट चालायचंच, असं म्हणून सिस्टरनी वाट बघितली. वर्षभर बघितली.

मग एका सोमवारी गाडी आली. गाडीतून ड्रायव्हर उतरला, मागून जिल्हा भांडाराचे साहेब उतरले. गोड बोलणारा माणूस. इतका गोड, की बोलून झाल्यावर आपले खिसे चाचपून बघावेत असं वाटायचं. मशीन खोलीच्या कोपऱ्यात उभं राहिलं: चार चाकं, बाळाला ठेवायचा पाळण्याएवढा ट्रे, वर डोक्यावर जाळी आणि जाळीच्या आत तापणाऱ्या कांड्या. ड्रायव्हरने बटण दाबलं. सिस्टरनी जाळीखाली तळहात धरला. दोन मिनिटांत ऊब लागली, उन्हात बसलेल्या मांजराच्या पाठीसारखी. त्यांनी हात तसाच धरून ठेवला. आयाबाईंनीही धरला.

आणि मग सिस्टरच्या हाताने सवयीने पट्टी फाडली, तारीख लिहिली आणि ट्रेच्या खालच्या बाजूला, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही अशी डकवली.

मंगळवारी परदेशी पाहुणे आले, फोटो निघाले. बुधवारी गाडी पुन्हा दारात.

"सेटिंग करून आणतो," साहेब म्हणाले. "नाजूक वस्तू आहे बाई. आठ दिवसांत परत."

त्या आठ दिवसांचे सात महिने झाले. मधल्या काळात शिंप्याच्या बायकोला दिवस न भरता मुलगी झाली. तेराशे ग्रॅम. दोघींनी दोन दिवस पाणी तापवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी वहीत वेळ लिहिली आणि बाहेर येऊन शिंप्याला सांगितलं. तो रडला नाही. फाटकाकडे बघत त्याने एवढंच विचारलं, "सिस्टर, ते मशीन होतं ना इथं? मी रोज वाचतो." त्या दिवशी घरी गेल्यावर सिस्टरनी जेवणाला हात लावला नाही, आणि यजमानांनीही कारण विचारलं नाही.

सात महिन्यांनी गाडी परत आली. पुन्हा साहेब, पुन्हा उद्या पाहुणे.

"हे बघा, नवं कोरं मशीन आणलंय तुमच्यासाठी," साहेब म्हणाले.

नवं कोरं असून धूळ बरीच होती. सिस्टर पुसायला बसल्या. ट्रेच्या खालून फडकं फिरवताना ते कशाला तरी अडकलं. वाकून पाहिलं तर पांढऱ्या पट्टीचा बोटभर तुकडा, कडा मळलेल्या, आणि त्यावर सात महिन्यांपूर्वीची तारीख. अक्षर त्यांचंच.

सिस्टरनी फडकं खाली ठेवलं. मग उठून बाहेर गेल्या. ड्रायव्हर गाडीच्या सावलीत बसला होता.

"दादा, खरं सांगा. मशीनं किती आहेत?"

"बाई, मी स्टिअरिंग धरतो. मोजत नाही."

"तरी?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "फलक अकरा आहेत," तो म्हणाला. "पाहुणे ज्या गावाला जाणार, त्या गावाला आदल्या दिवशी मी जातो. आता तुमचं तुम्ही समजा. माझ्या घरी पण पोरं आहेत."

दुसऱ्या दिवशीची परदेशी बाई मनाने चांगली होती, हे सांगायलाच हवं. किडकिडीत, पायात कापडी बूट, उन्हाने नाक सोललेलं. खुर्ची दिली तरी ती बाळंतिणीच्या खाटेच्या कडेवर बसली आणि खरोखर लक्ष देऊन ऐकत होती. अडचण एवढीच, की ती दुभाष्यामार्फत ऐकत होती आणि दुभाष्या भांडाराच्या कचेरीतला होता.

"बाईंना सांगा," सिस्टर म्हणाल्या. "सांगा, की हे मशीन उद्या परत जाणार. हे एकच मशीन सगळीकडे फिरतंय. माझ्याकडे पुरावा आहे."

दुभाष्याची पापणीही हलली नाही. तो पाहुणीला काहीतरी दोन वाक्यं बोलला. पाहुणीने छातीवर हात ठेवला, डोळे भरून आले तिचे, आणि तिने सिस्टरचे दोन्ही हात हातांत घेतले. फोटो निघाला. सिस्टरना इंग्रजी औषधांपुरतंच यायचं, पण आपल्या तक्रारीवर कोणी एवढं कृतज्ञ होत नाही, हे कळायला इंग्रजी लागत नाही. डॉक्टरना उत्तम इंग्रजी यायचं. ते साहेबांच्या शेजारी उभे राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

पाहुणे गेल्यावर डॉक्टर वॉर्डात आले. कान लाल झालेले.

"सिस्टर, तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलं. आणि त्याने काय सांगितलं तेही."

"मग बोलला का नाहीत?"

"माझी बदली त्यांच्या हातात आहे."

सिस्टरना त्यांचा राग आला आणि कीवही आली. कीव जास्त आली, कारण पोराचं तोंड खरंच उतरलं होतं. "बोलता आलं नाही, तर लिहा तरी," त्या म्हणाल्या. "त्या फलकावर पत्ता आहे ना?"

मग दोघांनी मिळून डॉक्टरच्या फोनवर तक्रार भरली. आयाबाईंनी टॉर्च धरला, सिस्टरनी ट्रे वर उचलला, डॉक्टरनी पट्टीचा फोटो काढला. तक्रार क्रमांक आला. सिस्टरनी तो पट्टीवर लिहून स्वतःच्या पाकिटात चिकटवला.

आणि चमत्कार म्हणजे, दुसऱ्या दिवशी सकाळी, भांडाराची गाडी यायच्या आधी, चौकशी अधिकारी हजर. आयाबाई तर त्यांना बघून हरखल्या. एवढं सरकार जागं आहे, हे त्यांना वीस वर्षांत ठाऊक नव्हतं. अधिकाऱ्यांनी पट्टी पाहिली, फोटो घेतले, पंचनामा लिहिला. 'यंत्र संपूर्ण व सुस्थितीत आढळले.' सिस्टरना दोन ठिकाणी सही करायची होती: तक्रारदार म्हणून एक आणि यंत्र ज्यांच्या ताब्यात राहणार त्या म्हणून एक. त्यांनी दोन्ही केल्या. बटण दाबून पाहावं असं मनात आलं नाही. तळहाताला ती पहिली ऊब अजून आठवत होती ना.

मग अधिकाऱ्यांनी मशीनला जाड दोरा बांधला, गाठीवर लाख ओतली आणि शिक्का मारला.

"आता आम्ही वापरायचं कधी?" सिस्टरनी विचारलं.

"वापरायचं? बाई, हा पुरावा आहे."

"अहो, पण वापरल्याने पुरावा झिजणार आहे का?"

"सील तुटलं की प्रकरण संपलं. मग ज्यांनी हे केलं ते हात झटकून मोकळे. चालेल तुम्हाला?"

"नाही चालणार."

"मग जपा."

तेवढ्यात भांडाराचे साहेब पोचले. सील पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं आणि हसले. "बाई, तुम्ही तर नाव काढलंत." त्यांना राग कसा आला नाही, याचं सिस्टरना नवल वाटलं. त्या नवलाचा त्यांनी जरा पाठपुरावा करायला हवा होता.

त्यानंतर पाच महिने गेले. मशीन कोपऱ्यात, गळ्यात लाख. बाळंतपणं त्याच्यासमोरच होत होती. वेळेआधी एक मूल आलं, पाण्याच्या बाटल्यांवर तगलं. जुळी आली, त्यातलं एक तगलं. दुसऱ्याची वेळ वहीत लिहून सिस्टर वळल्या तर समोर तेच मशीन. त्या दिवशी आयाबाईंनी त्याच्यावर चादर टाकली. "बघवत नाही हो," त्या म्हणाल्या. "भरल्या घरात उपाशी बसल्यासारखं वाटतं."

सिस्टर पत्रं लिहीत होत्या. चौकशी संपवा, नाहीतर मशीन तरी घेऊन जा, नाहीतर वापरायची परवानगी द्या. चार पत्रांना एकच उत्तर आलं: 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवले आहे.' संबंधित विभाग म्हणजे जिल्हा भांडार. भांडार म्हणजे साहेब. कुंपणच शेत खायला लागलं, तर दाद कोणाकडे मागायची? आणि इथे तर तक्रारीचं पत्रही कुंपणाच्याच हातात जात होतं.

तरी सील अभंग होतं, हीच सिस्टरची जमा. निवृत्तीला नऊ महिने उरले होते. तोवर हे तडीला नेऊ, अकराच्या अकरा गावांना खरं मशीन मिळेल, असं त्या यजमानांना सांगायच्या. ते हूं म्हणायचे.

थंडीच्या सुरुवातीला भाची बाळंतपणासाठी आली. सिस्टरच्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. बहीण गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, तेव्हापासून सिस्टरच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. नवरा दूर कामाला. सातवा महिना चालू होता. "मावशी, मला काय काळजी," ती म्हणायची. "माझं रुग्णालय घरातच आहे."

आठवा लागून चारच दिवस झाले होते. सकाळी दहाच्या सुमाराला यजमान तिला रिक्षातून घेऊन आले, ती दोन्ही हातांनी पोट धरून. पाणी गेलं होतं. सिस्टरनी तपासलं आणि आयाबाईंकडे पाहिलं. मोठ्या रुग्णालयात न्यायला वेळ नव्हता, आणि अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली, तीन तास तरी येणार नाही. डॉक्टर जिल्ह्याला होते. कुठे म्हणाल, तर पारदर्शक कारभाराच्या कार्यशाळेला.

अकरा चाळीसला मुलगी झाली. तेराशे पन्नास ग्रॅम. रडली, पण ते रडणं खोलीच्या दारापर्यंतही पोचलं नसतं. नखं निळसर. अंगाला हात लावला तर फरशीसारखं गार.

"आयाबाई, पाणी ठेवा," सिस्टर म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर कोपऱ्यातल्या चादरीकडे गेली. आयाबाईंचीही गेली.

"सिस्टर, सील आहे त्याला."

"दिसतंय मला."

त्यांनी डॉक्टरना फोन लावला. मागे माइकवर कोणीतरी बोलत होतं.

"सिस्टर, मी तोडा असं म्हणू शकत नाही," डॉक्टर कुजबुजले.

"तोडू नका असं म्हणता का मग?"

"तेही नाही म्हणू शकत."

"मग बसा तिथंच. चहा घ्या."

खाटेवरून भाची विचारत होती, "मावशी, रडत का नाही ती? मावशी?" सिस्टरनी नाळेची कात्री उचलली. शिंप्याची मुलगी त्यांना आठवली, जुळ्यातलं ते एक आठवलं. त्यांच्या वेळी आपण सील जपलं आणि आता आपल्या घरचं आलं तर कात्री उचलली, हेही त्यांच्या मनात आलं. ते खरंच होतं. त्याची लाज त्यांना वाटली आणि लाजेसकट त्यांनी दोरा कापला. लाखेचे दोन तुकडे खाली पडले.

चादर ओढली, प्लग लावला, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पीप पीप आवाज आला. पडद्यावर आकडा उमटला: ३६.५. आयाबाईंनी "आई गं" म्हणून डोळ्याला पदर लावला. बाळाला ट्रेवर ठेवलं. सिस्टरच्या हाताने तेवढ्यातही पट्टी फाडली, तारीख आणि वेळ लिहिली, 'सील उघडले' असं लिहिलं आणि तुटलेल्या दोऱ्यावर डकवली. मग त्यांनी जाळीखाली तळहात धरला.

एक मिनिट. दोन मिनिटं.

"येईल, येईल," आयाबाई म्हणाल्या. "बऱ्याच दिवसांनी चालू केलंय ना."

पाच मिनिटं झाली. हिरवा दिवा जळत होता, आकडा ३६.५ वर ठाम होता आणि तळहात गार होता. सिस्टरनी मान वाकडी करून जाळीतून वर पाहिलं. कांड्यांच्या जागी दोन रिकाम्या खोबणी होत्या. त्यांत धूळ होती आणि एक सुटा स्क्रू होता. पाहुण्यांना दाखवायला दिवा पुरतो. ऊब कोणी आधीच काढून नेली होती, कदाचित विकून खाल्लीही होती. साहेब का हसले होते, ते सिस्टरना आत्ता कळलं.

ओरडायला सवड नव्हती, आणि या गडबडीत पाणी ठेवायचंही राहून गेलं होतं. भाचीला रक्तस्राव होत होता, तिच्या अंगावर बाळ देणं शक्य नव्हतं. आयाबाईंनी भाचीला सांभाळलं. सिस्टरनी गणवेशाची बटणं सोडली, बाळाला स्वतःच्या उघड्या छातीवर घेतलं, वरून चादर, शाल, यजमानांचा स्वेटर, जे मिळेल ते गुंडाळलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. साठीला आलेली बाई, कधी मूल न झालेली. पायाला मुंग्या आल्या, पाठ मोडून आली, पण त्या हलल्या नाहीत. बाळाचा श्वास मोजत राहिल्या. समोर मशीनचा हिरवा दिवा अगदी आज्ञाधारकपणे जळत होता. तीन तासांच्या जागी साडेचार तासांनी अँब्युलन्स आली, तेव्हा बाळाची नखं गुलाबी होती.

मोठ्या रुग्णालयात एकोणीस दिवस काढून मुलगी आईबरोबर घरी आली. वाचली.

तिच्या घरी येण्याच्या दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी आले. भांडाराचे साहेबही आले. दोघं एकाच गाडीतून उतरले.

अधिकाऱ्यांनी तुटलेला दोरा टेबलावर ठेवला. त्यावर पट्टी होती. "हे अक्षर आपलं?"

"माझंच. आणि आता जाळीच्या आत बघा. कांड्याच नाहीत. मशीन तापतच नाही."

अधिकाऱ्यांनी पाहिलं. मग शांतपणे पंचनामा काढला. "यंत्र संपूर्ण व सुस्थितीत. खाली आपल्या दोन सह्या. त्यानंतर यंत्र आपल्या ताब्यात, सील आपण तोडलंत, तसं लिहूनही ठेवलंत. मग बाई, कांड्या कोणी नेल्या?"

चोराच्या उलट्या बोंबा सिस्टरनी आयुष्यात खूप ऐकल्या होत्या, पण इतक्या हळू आवाजात आणि शिक्क्यानिशी कधी ऐकल्या नव्हत्या.

"छे छे," साहेब मध्ये पडले, गोड आवाजात. "बाईंवर असा आळ कशाला घ्यायचा? निवृत्तीला आल्यात. कागद सरळ लिहू या ना. प्रसंग बाका होता, बाईंनी माणुसकीने मशीन वापरलं, बाळ वाचलं. वापरलं म्हणजे मशीन इथं होतं आणि चालू होतं. मग तक्रारच कुठं उरली? कांड्या काय, वापरात जातात. आम्ही बदलून देऊ. वाचलं ना बाळ?"

"माझ्या अंगावर वाचलं ते."

"तुमच्या अंगाला अनुक्रमांक नाही, बाई. मशीनला आहे."

डॉक्टर दारात उभे होते. "सिस्टर, सही करा," ते अगदी हळू म्हणाले. "नाहीतर चोरी तुमच्यावर घालतील. पेन्शन जाईल. मी काही करू शकत नाही." सिस्टरना ठाऊक होतं, की एवढं तरी ते पोर खरं बोलत होतं. आयाबाई साक्ष देऊ शकल्या असत्या, पण त्या रोजंदारीवर होत्या आणि साहेबांनी त्यांच्याकडे एकदा वळून पाहिलं होतंच.

सिस्टरनी पेन घेतलं आणि सही केली.

"तारीख घाला ना," अधिकारी म्हणाले.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा तो हात तारखेपाशी थांबला. मग तीही लिहिली.

मशीन दुरुस्तीला म्हणून गाडीत चढलं आणि गेलं. ड्रायव्हरने सिस्टरकडे पाहिलं नाही. महिन्याभरात अहवाल वेबसाइटवर आला, जगात कोणीही उघडून वाचावा असा. 'तक्रार निकाली. यंत्र कार्यरत. लाभार्थी: तक्रारदाराच्याच भाचीचे बाळ.' परदेशी बाईचं आभाराचं पत्रही आलं. आणि फाटकापाशी जुन्या फलकाशेजारी नवा, मोठा फलक लागला. त्यावर भाचीच्या मुलीचा हसरा फोटो आणि खाली सिस्टरच्या जबानीतलं वाक्य, 'या यंत्रामुळे बाळाचा जीव वाचला.' सिस्टर मागच्या दाराने जायला यायला लागल्या.

निवृत्तीला सहा महिने होते त्या सुमाराला, एका दुपारी, एक अनोळखी माणूस बायकोला टेम्पोत आडवी घालून घेऊन आला. सातवा महिना, कळा सुरू. गाव लांबचं, मोठ्या रुग्णालयाच्या रस्त्यावरचं.

"तिकडे का नाही गेलात?" सिस्टरनी तिला आत घेता घेता विचारलं. "तुम्हाला ते जवळ होतं."

"फाट्यापर्यंत गेलो होतो," तो धापा टाकत म्हणाला. "तिथं पण हाच फलक लावलाय ना. वाचला आणि गाडी इकडे वळवली. तिकडे खाट मिळते न मिळते. तुमच्याकडे मशीन आहे, तुम्ही स्वतःच सांगितलंय." त्याने खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात फक्त चार चाकांचे डाग होते. "सिस्टर, कुठंय ते?"

खाटेवरची बाई ओठ चावून सिस्टरकडे बघत होती. तिचाही फलकावर विश्वास होता. दाराबाहेर टेम्पो वळून निघूनही गेला होता.

"आयाबाई," सिस्टर म्हणाल्या, "पाणी ठेवा." आणि त्यांनी गणवेशाचं वरचं बटण सोडलं.